जळगाव एअरपोर्टच्या ट्रिपसाठी ईव्ही टॅक्सी परवडते का?

धुळेकर: भाऊ, धुळे ते जळगाव एअरपोर्ट जाऊन येऊन 190-200 किमी होतात, 30 युनिटची बॅटरीवाली गाडी घेऊ का? मे महिन्यात 44-45 डिग्रीत एसी लावून पुरेल का, मधे चार्जिंग करावीच लागेल?

भुसावळवाला: कागदावर पुरते पण हायवेला 90-100 ने पळवली की एका युनिटला 6-7 किमीच धर, म्हणजे परत येताना काटा खाली आणि जीव वर. डीसी फास्ट चार्जर असला तर 80 टक्क्यांपर्यंतच भर, पुढचे 20 टक्के लय हळू भरतात, पॅसेंजर चहा पिऊन पिऊन कंटाळतो. आणि निघायच्या आधी चार्जर चालू आहे का ते फोन करून विचारून घे, मी एकदा बंद मशीनपुढे दीड तास बसलोय.

चोपड्याचा: एअरपोर्टच्या आतल्या गाड्यांना ईव्ही सोप्पी, बॅगांचा ट्रॅक्टर दिवसभर तिथल्या तिथे, स्पीड कमी, दोन फ्लाइटच्या मधे प्लग लावला की झालं. तुझं तसं नाही ना भो.

धुळेकर: मग 40 च्या वरची बघतो, हप्ता वाढला तरी चालेल.