मदत हवी: आरसीवर व्हीएक्सआय, डिकीवर झेडएक्सआय, खरं काय धरायचं?

गोदाकाठ
मारुतीची जुनी गाडी घेतोय. एजंट म्हणतो वरचं मॉडेल आहे, झेडएक्सआय. मागे डिकीवर तसंच लिहिलंय. पण आरसीवर, म्हणजे आरटीओच्या नोंदणी कार्डावर, त्याखालचं व्हीएक्सआय दिसतंय. तो म्हणतो आरटीओत टाइप करताना चुकलं, असं नेहमी होतं. आज संध्याकाळी सातला टोकन द्यायचं आहे. कृपया लवकर सांगा.

पेठरोड
कुठली गाडी? साल?

गोदाकाठ
स्विफ्ट. पेट्रोल.

पेठरोड
साल विचारलं होतं भाऊ. २०१८ च्या फेब्रुवारीत नवी स्विफ्ट आली, तिच्या आधीचा हिशेब वेगळा आहे.

सातपूरकर
या एक्सआय-बिक्सआयच्या भानगडीत पडूच नका. बोलेरो घ्या. आपल्या नाशिकच्याच प्लांटची गाडी, बी४, बी६, बी६ ओ अशी सोपी नावं. माझी अकरा वर्षं झाली, सप्तशृंगीच्या घाटात एकदाही दगा दिला नाही.

गोदाकाठ
२०१९ ची आहे. एमएच १५ पासिंग. बोलेरो नकोय हो, आईला चढायला त्रास होतो.

दहाचा पाना
अंबडला माझं गॅरेज आहे, रोज या गाड्या उघडतो. डिकीवरचं नाव चिकटवलेलं असतं. ड्रायरने गरम केलं की निघतं आणि नवं बाजारात मिळतं, ते पुरावा धरू नका. गाडीत बसा. २०१९ च्या झेडएक्सआयला बटणाने स्टार्ट, ऑटो एसी आणि मागच्या काचेला वायपर कंपनीतूनच येतो. व्हीएक्सआयला किल्ली फिरवावी लागते, एसीला साधे गोल नॉब असतात. अलॉय चाकं, टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा यांवर जाऊ नका, ते सगळं एका दुपारात बसतं. एअरबॅगवरूनही कळणार नाही, त्या गाडीत सगळ्या व्हेरियंटला पुढे दोन होत्याच.

मेघना
टायर बघा ना सरळ. झेडएक्सआयला १८५/६५ आर१५, व्हीएक्सआयला १६५/८० आर१४. पंधरा इंची चाक दिसलं की झेडएक्सआय.

दहाचा पाना
ताई, अलॉय बदलताना लोक पंधराचीच बसवतात. टायर गाडीसोबत जन्माला आलेला नसतो.

मेघना
म्हणून ड्रायव्हरच्या दारापाशी हवेच्या दाबाचा स्टिकर असतो तोही बघायचा. हे लिहायचं राहिलं, पण मुद्दा चुकीचा नाही.

इंदिरानगर २२
मला तर या अक्षरांचाच राग येतो. मारुतीत एल, व्ही, झेड अशी चढण. तीच कंपनी बलेनोला मात्र सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा म्हणते. ह्युंदाईच्या आय२० मध्ये मॅग्ना, स्पोर्ट्झ, अस्टा. टाटाच्या नेक्सॉनला आधी एक्सई, एक्सएम, एक्सझेड होतं, २०२३ ला स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस झालं. कंसातलं अक्षर आणखी वेगळं. नेक्सॉन एक्सएम (एस) मधला एस म्हणजे सनरूफ, पण क्रेटाचं एस हे व्हेरियंटचंच नाव. गेल्या वर्षी भावासाठी गाडी शोधताना दोन दिवस नुसती ही यादी समजून घेण्यात गेले.

पेठरोड
आणि (ओ) म्हणजे ऑप्शनल. पण क्रेटात एसएक्स (ओ) ही एसएक्सच्या वरची पायरी आहे, ऑप्शनल ऐकून लोक कमी समजतात.

सातपूरकर
बोलेरोतही बी६ ओ हे बी६ च्या वरचंच आहे.

निफाडकर
सीएनजी बसवून घ्या. द्राक्षाच्या सीझनमध्ये माझं रोज निफाड-नाशिक होतं, पेट्रोल परवडत नाही. फक्त डिकी जाते, आणि द्वारका चौकात अडकलो की अर्धा तास तिथेच.

पेठरोड
द्वारकेचा विषय काढू नका, धागा तिकडेच जाईल. @गोदाकाठ, इन्शुरन्सच्या पॉलिसीवर काय लिहिलंय? आणि एजंट कुठल्या व्हेरियंटचे पैसे मागतोय?

गोदाकाठ
आत्ता गाडी बघून आलो. किल्ली फिरवूनच चालू होते. एसीला गोल नॉब. मागे वायपर नाही. चाकं पंधराची, अलॉय. पॉलिसीवर झेडएक्सआय आहे आणि त्याच हिशेबाने तो चाळीस हजार जास्त मागतोय.

दहाचा पाना
मग ती व्हीएक्सआयच आहे. आरसी बरोबर आहे, पॉलिसी चुकीची आहे. तरी खात्रीसाठी मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, सतरा अक्षर-आकड्यांच्या चासी नंबरवरून ते व्हेरियंट सांगतात. गाडीवर कोरलेला नंबर आरसीशी स्वतः जुळवा.

पेठरोड
पॉलिसी दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हेरियंटवर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत ठरते. एकीकडे झेड, दुसरीकडे व्ही असलं तर क्लेमच्या वेळी तुम्हालाच उत्तरं द्यावी लागतील.

निफाडकर
व्हीएक्सआय वाईट नाही हो. मी सहा वर्षं वापरतोय. फक्त व्हीएक्सआयच्या भावात घ्या.

गोदाकाठ
टोकन दिलं नाही. त्याला सांगितलं, उद्या सकाळी मालक आणि गाडी सर्व्हिस सेंटरला आणा, चाळीस हजार कमी करा आणि पॉलिसीवरचं नाव बदलून द्या. तो म्हणाला मालकाशी बोलून कळवतो. अजून फोन नाही. तसा एक प्रश्न राहिला, किल्लीची असली तरी दोन किल्ल्या मागून घ्यायच्या ना?

दहाचा पाना
दोन्ही मागा. चिप असते, हरवली तर नवी महाग पडते.

सातपूरकर
बोलेरोची एक बघून ठेवलीय सिडकोत, आईंसाठी फूटस्टेप लावता येईल. हवं तर कळवा.