मदत हवी आहे: बीपीची गोळी नकली वाटतेय, तक्रार बेळगावात करायची की कोल्हापुरात?

आम्ही निपाणीचे. आईची टेल्मिसार्टन ४० ची गोळी यावेळी भावानं गडहिंग्लजहून आणली, तिथं सूट जास्त म्हणून. जुन्या स्ट्रिपशेजारी ठेवून बघितलं तर नवीन फॉइलची छपाई फिकट, बॅच नंबर बोटानं घासला की पुसला जातोय आणि गोळी काढताना कडेनं भुगा पडतोय. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, हा ब्रँड त्यात येतो, पण कोड कुठल्याच फोनवर स्कॅन होईना. कंपनीला मेल केलाय, उत्तर नाही, आणि दुकानदार म्हणतो माल असाच येतो. पक्कं बिल आहे, उरलेल्या स्ट्रिपा जपून ठेवल्यात. आईचं औषध बंद केलेलं नाही, डॉक्टरांना विचारून इथल्या दुकानातली गोळी चालू आहे, त्यामुळे ती काळजी नको.

१९४० च्या औषध कायद्यातल्या कलम २६ प्रमाणे साध्या माणसालाही फी भरून सरकारी लॅबमध्ये औषध तपासून घेता येतं, एवढं माहीत आहे. पण खरेदी महाराष्ट्रातली आणि आम्ही कर्नाटकातले, मग कोल्हापूरच्या एफडीएकडे जायचं की बेळगावच्या ड्रग इन्स्पेक्टरकडे? आणि थोड्या गोळ्या काढलेली स्ट्रिप चालते की न फोडलेलीच लागते? कुणी स्वतः तपासून घेतलंय का?