मदत हवी आहे : चेक दुसरी लीग, मोसम २०२३-२४ आणि दारातच अडलेला व्हिश्कोव्ह

नमस्कार मंडळी,

मी ब्रनोत राहतो. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी चेक फुटबॉलच्या दुसऱ्या लीगवर, त्यातही २०२३-२४ च्या मोसमावर लेख लिहायला घेतलाय. निम्मा झालाय आणि गाडी अडलीये. जाणकारांनी हात द्यावा.

ज्यांना ही लीग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोळा संघ, प्रत्येकाचे तीस सामने. हिवाळ्यात खेळ बंद, त्यामुळे मोसमाचे सरळ दोन तुकडे पडतात, शरदातला आणि वसंतातला. स्पार्टासारख्या बड्या क्लबांचे 'ब' संघही याच लीगमध्ये खेळतात, पण त्यांना वर चढायची परवानगी नाही. पहिला आलेला संघ थेट पहिल्या लीगमध्ये जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्याला मात्र वरच्या लीगमधल्या चौदाव्या-पंधराव्या संघाशी भिडावं लागतं, एक सामना घरी, एक बाहेर. याला इथे बाराज म्हणतात, आणि माझा लेख नेमका इथेच अडलाय.

त्या मोसमात पहिली आली प्रागची डुक्ला. १९६२ चा बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान, जिंकणारा योसेफ मासोपुस्त ज्या नावाच्या संघातून खेळला तीच. २०१९ ला खाली आली होती, पाच वर्षांनी वर गेली. टेकडीच्या उतारावर बांधलेलं तिचं युलिस्का स्टेडियम, तिथला मासोपुस्तचा पुतळा, सगळं लिहिण्याजोगं आहे. आमच्या संपादकांचाही आग्रह तोच की डुक्लावर लिहा, हरलेल्यांबद्दल कोण वाचणार? मला ते पटत नाही. माझ्या मते त्या मोसमाची खरी गोष्ट दुसऱ्या नंबरची, म्हणजे व्हिश्कोव्हची आहे.

व्हिश्कोव्ह आमच्यापासून तासाभराच्या आत. छोटं शहर, आणि संघाचे घरचे सामने व्हायचे शेजारच्या द्रनोवित्से गावात. दोन-अडीच हजार वस्तीचं हे गाव, पण १९९३ मध्ये गावाचा स्वतःचा क्लब थेट देशाच्या पहिल्या लीगमध्ये पोचला होता, २००० साली यूएफा चषकात जर्मनीच्या 'म्युनिक १८६०' या क्लबविरुद्धही खेळला. पुढे पैशांची घडी विस्कटली आणि तो क्लब बुडाला. स्टेडियम तेवढं राहिलं. कौलारू घरं संपतात आणि एकदम मोठी प्रेक्षागॅलरी समोर उभी राहते. दाराशी कागदी ताटलीत भाजलेला क्लोबासा (मांसाचा सॉसेज), बाजूला मोहरीचा गोळा आणि पावाची फोड. अशा जागी पहिल्या लीगच्या उंबरठ्यावरचा संघ खेळताना बघणं मला फार भावायचं.

तर २०२४ च्या बाराजमध्ये व्हिश्कोव्ह कार्विनाकडून हरला आणि तिसरा आलेला टाबोर्स्को चेस्के बुद्येयोविचेकडून. व्हिश्कोव्हचं दुःख तेवढ्यावर संपत नाही. आदल्याच वर्षी, २०२३ ला, त्याला झ्लीनने अडवलं होतं. २०२५ ला पुन्हा बाराज आणि समोर कोण, तर तीच डुक्ला! तिथेही हार. सलग तीन वर्षं दारापर्यंत जाऊन परत. आणि हा एकट्या व्हिश्कोव्हचा प्रश्न नाही. २०१८-१९ ला ही पद्धत आल्यापासून २०२४-२५ पर्यंत जेवढे बाराज झाले (करोनाच्या दोन मोसमांत झालेच नाहीत), त्या प्रत्येकात वरच्या लीगचाच संघ टिकला. दहाच्या दहा!

माझा पहिला प्रश्न हाच आहे. असं का होत असावं? पैसा आणि खेळाडूंची प्रत हे उघड कारण झालं. पण वर्षभर हरत आलेला संघ आणि वर्षभर जिंकत आलेला संघ समोरासमोर आल्यावर एकदाही उलटं होऊ नये? मला वाटतं की वरचा संघ आठवडोन्‌आठवडे तगड्या संघांचा मारा खाऊन बचावात घट्ट झालेला असतो. खालच्याला मात्र आपण चेंडू ठेवायचा आणि समोरच्याने मागे सरायचं, याचीच सवय. जे प्रशिक्षण देतात किंवा आकडेवारी बघतात त्यांनी हे बरोबर की चूक ते सांगावं, खोडून काढलंत तरी चालेल.

दुसरं, यातला कुठलाही बाराज मैदानात बसून बघितलेलं कुणी इथे आहे का? झ्लीन, कार्विना, ऑस्त्रावा या पट्ट्यात बरीच मराठी मंडळी नोकरीला आहेत. चार ओळी आठवणी दिल्यात तरी लेखाला जीव येईल. स्वतः काढलेले फोटो असतील तर नावानिशी छापू.

तिसरी मदत वाचक म्हणून हवीये. आपल्याकडे आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, २०२३-२४ च्या मोसमात संघ खाली जात नव्हता. मे २०२४ मध्ये मुंबई सिटीने आयएसएल चषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक पेट्र क्रॅट्की हे चेकच होते, म्हणून लेखाची सुरुवात तिथून करायचा विचार आहे. पण वर-खाली जाण्याची ही भीती मराठी वाचकापर्यंत पोचवायला एवढं पुरेल का, की आधी बाराजचाच एखादा सामना रंगवून सांगू?

मजकूर महिनाअखेरीस द्यायचाय. इथेच लिहा किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.