बॅलट मेझरला मराठीत काय म्हणाल? सार्वमत, कौल की प्रस्ताव?

कोलंबसकर: आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या २०२३च्या गर्भपात-हक्काच्या मतदानावर लेख लिहितेय. वाचक म्हणजे बहुतेक करून इथे मुलांकडे राहायला आलेल्या आज्या आणि तिकडचे नातेवाईक. पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली. इथे मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली काही प्रश्नही छापलेले असतात. राज्यघटनेत अमुक कलम घालावं का, तमुक कर काढावा का, वगैरे. मतदार 'होय' किंवा 'नाही'वर खूण करतो आणि पुरेशी मतं पडली की ते कलम थेट राज्यघटनेत जातं. याला इथे बॅलट मेझर म्हणतात. मराठीत मला सार्वमत, जनमत, जनमत चाचणी असं काय वाट्टेल ते सापडलं. तुम्ही काय वापराल?

जुनाबाड: सार्वमत. शब्द रुळलेला आहे, ब्रेक्झिटच्या वेळी सगळ्यांनी तोच वापरला. घरात भांडं असताना नवं कशाला घडवायचं? 'जनमत चाचणी' तेवढी टाळा. ती वाहिन्यांची, निवडणुकीआधीची.

तर्जुमा: जुनाबाडकाका, सार्वमत म्हटलं की सबंध देशाच्या नशिबाचा एकच प्रश्न आणि तो सरकारनेच विचारलेला, असं चित्र उभं राहतं. अमेरिकेत तसं देशपातळीवरचं सार्वमत होतच नाही, त्यांच्या राज्यघटनेत तशी सोयच नाही. हे सगळं राज्याराज्यांतलं, आणि एकाच मतपत्रिकेवर चार-आठ प्रश्न सहज असतात. नेवाडात २०१८ साली सॅनिटरी पॅडवरचा विक्रीकर काढावा का, हे मतदारांना विचारलं आणि त्यांनी तो काढला. त्याला सार्वमत म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

शिवाय प्रश्न मतपत्रिकेवर कुणी आणला यावरून तिथे वेगवेगळी नावं आहेत. विधिमंडळाने पाठवलेला वेगळा. नागरिकांनी सह्या जमवून आणलेला वेगळा. विधिमंडळाने केलेला कायदा सह्या जमवून मतदारांपुढे खेचला तर तो आणखी वेगळा. सह्यांची वाट साधारण निम्म्याच राज्यांत आहे. न्यूयॉर्कमध्ये ती नाही, म्हणून २०२४ची समान हक्कांची दुरुस्ती तिथल्या बायकांना विधिमंडळातूनच न्यावी लागली. ओहायोत वाट आहे, पण चढण बघा: राज्यपालाच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १० टक्के सह्या, आणि त्याही ८८पैकी किमान ४४ काउंट्यांत (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) ठरलेल्या प्रमाणात.

आणि ही वाट बायकांच्या मताधिकाराइतकीच जुनी आहे. कॅलिफोर्नियात १० ऑक्टोबर १९११ला एकाच दिवशी सह्यांची पद्धत आणि बायकांचा मताधिकार हे दोन्ही मतदारांपुढे होते. मतदार अर्थात सगळे पुरुष! मताधिकार जेमतेम साडेतीन हजार मतांनी तरला. ऑरेगनमध्ये मताधिकारासाठी लढणारी अबिगेल स्कॉट डनिवे आणि तिच्या सोबतिणींना पाच वेळा नकार मिळाला, सहाव्या खेपेला १९१२मध्ये होकार. 'सार्वमत' या भारदस्त शब्दात ही वर्षानुवर्षांची पायपीट दिसत नाही.

जुनाबाड: पायपीट 'निवडणूक' या शब्दात तरी कुठे दिसते? पण पुढचं वाचतोय.

कोलंबसकर: माझी खरी अडचण पुढेच आहे. 'होय'चा अर्थ समजावणं. २०२३मध्ये आमच्याकडे दोनदा मतदान झालं आणि दोन्ही प्रस्तावांचं नाव एकच, 'इश्यू १'. ८ ऑगस्टचा विधिमंडळाने आणला होता: यापुढे घटनादुरुस्तीला साध्या बहुमताऐवजी ६० टक्के मतं लागतील आणि सह्या सगळ्या ८८ काउंट्यांतून हव्यात. नोव्हेंबरमध्ये गर्भपात-हक्काची दुरुस्ती येणार हे दिसत होतं, म्हणून आधीच कुंपण उंच करायचा घाट. ऑगस्टमधल्या बहुतेक निवडणुका याच विधिमंडळाने थोड्याच महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या, तरी यासाठी खास दिवस काढला. म्हणजे ज्या बाईला गर्भपाताचा हक्क हवा होता तिने ऑगस्टमध्ये 'नाही' म्हणायचं आणि ७ नोव्हेंबरला 'होय'. प्रस्तावाचं नाव तेच. आमच्या भिशीतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, मागच्या वेळी तर तूच नाही म्हणायला सांगितलंस!"

रानजाई: हे वाचून आमच्या चंद्रपूर भागातली आडवी बाटली आठवली. महाराष्ट्रातल्या मंडळींना तो शब्द सांगायला नको, पण परदेशातल्यांसाठी लिहिते.

गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची. मग उत्पादन शुल्क खातं सह्यांची पडताळणी करतं. बायांना एकेक करून विचारतात, ही सही तुझीच का? नवरा दुकानात बसणारा असला तर तिथेच काही जणी गळतात. त्यातून निभावलं की गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. होय नाही, नको नाही, वाचायचं काहीच नाही. ज्या बाईला अक्षर ओळखत नाही तिलाही आपण कशावर शिक्का मारतोय ते पक्कं कळतं.

आता मेख ऐका. आडव्या बाटलीला झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. जी बाई कापूस वेचायला गेली, जी माहेरी आहे, जी वारली पण यादीत आहे, त्या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीकडे. कोलंबसकर, तुमचे ते ६० टक्के आमच्या या नियमाचे चुलतभाऊच. फक्त आमच्याकडे कुणी त्याला अन्याय म्हणत नाही, 'नियम' म्हणतात.

तर्जुमा: रानजाई, फ्लोरिडात अगदी हेच झालं. तिथे घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. २०२४मध्ये गर्भपात-हक्काच्या बाजूने ५७ टक्के मतं पडली आणि प्रस्ताव पडला. त्याच दिवशी मिझुरीत ५२ टक्क्यांहून कमी मतांवर तसाच प्रस्ताव मंजूर झाला. मराठी बातमीत 'फ्लोरिडाने गर्भपात नाकारला' असं लिहिलं तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर, अर्थाने मात्र वाचकाची फसवणूक.

मांडवीकाठ: गोव्यातून लिहितो. आम्ही १६ जानेवारी १९६७ला मतदान केलं, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा. संसदेच्या कायद्यात त्याचं नावच 'ओपिनियन पोल'. तो शब्द आज शब्दशः मराठीत आणलात तर 'जनमत चाचणी' होईल, जुनाबाड ज्याला वाहिन्यांची म्हणतात ती! म्हणून आमच्याकडे 'जनमत कौल' म्हणतात. आणि रानजाईंच्या बाटलीसारखंच, होय-नाही नव्हतं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. या निकालावर आजही घराघरांत वाद होतो, पण आपण कशाला मत दिलं याबद्दल कुणाचा गोंधळ झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझी सूचना: 'कौल'. मूळ अरबी, अर्थ शब्द किंवा वचन. 'कौलनामा' त्यातलाच. देवळात गुरव देवाला फुलं-पाकळ्या लावतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, तोही कौल. म्हणजे प्रश्न विचारणारा, उत्तर देणारा आणि दोनच उत्तरं, सगळं या एका शब्दात आलं.

जुनाबाड: कौल हे उत्तराचं नाव झालं, प्रश्नाचं नव्हे. "मतपत्रिकेवर चार कौल होते" हे वाक्य बोलून पाहा.

मांडवीकाठ: मान्य. मग प्रश्नाला 'प्रस्ताव' आणि उत्तराला 'कौल'.

तर्जुमा: 'प्रस्ताव' मला पटतो. 'मतदारांपुढील प्रस्ताव' असं पहिल्यांदा पूर्ण लिहावं, पुढे नुसतं प्रस्ताव. 'ठराव' नको, ठराव म्हणजे ठरून गेलेलं.

पण कोलंबसकर, तुमच्या विषयात शीर्षकाच्या शब्दापेक्षा प्रश्नाचा मजकूर जास्त महत्त्वाचा. तिथल्या स्त्रीवादी चळवळीची निम्मी लढाई मजकुरावरच होते आणि त्यातली बरीच कोर्टात. कॅलिफोर्नियाचा १९९६चा प्रस्ताव २०९ घ्या. सरकारी नोकऱ्या, शिक्षण आणि कंत्राटांत बायकांना आणि अल्पसंख्याकांना जी खास संधी मिळायची ती बंद करणारा. पण प्रस्तावकांनी नाव दिलं 'नागरी हक्क' पुढाकार, आणि मतपत्रिकेवरचं शीर्षक काय, तर भेदभाव आणि झुकतं माप यांना मनाई. त्या धोरणाचं लोकांच्या तोंडचं नाव, अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन, शीर्षकात कुठेच नाही. ते घाला म्हणून लोक कोर्टात गेले, वरच्या कोर्टाने सांगितलं गरज नाही. प्रस्ताव साधारण ५५ टक्क्यांनी मंजूर. पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात तसाच प्रस्ताव आला. तिथे नगर परिषदेने मजकूर बदलून सरळ विचारलं, बायका आणि अल्पसंख्याकांसाठीची ही योजना बंद करायची का? लोकांनी ५५ विरुद्ध ४५ने सांगितलं, नको.

२०२४चं उदाहरणही तसंच. कैद्यांकडून सक्तीने काम करून घेण्याची मुभा काढायचा प्रस्ताव नेवाडात आणि कॅलिफोर्नियात एकाच दिवशी होता. नेवाडाच्या मतपत्रिकेवर 'गुलामगिरी' हा शब्द होता, कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर 'अनैच्छिक दास्य' अशा वळणाचा कायदेशीर शब्द. नेवाडात मंजूर, कॅलिफोर्नियात नामंजूर. एका शब्दानेच झालं असं मी म्हणणार नाही, पण शब्दाचा वाटा नाही असंही कुणी म्हणू नये.

रानजाई: कॅन्ससचं पण लिहा ना. ऑगस्ट २०२२, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क काढून घेतल्याला सहा आठवडेही झाले नव्हते. गर्भपाताच्या विरोधकांनी आणलेल्या दुरुस्तीचं नाव होतं 'व्हॅल्यू देम बोथ', म्हणजे आई आणि बाळ दोघांचीही कदर करा. नाव इतकं गोड, त्यात 'होय' म्हटलं की राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण जाणार! आदल्या दिवशी तर लोकांच्या फोनवर उलटा अर्थ सांगणारे मेसेज आले होते. तरी ५९ टक्के लोकांनी 'नाही'च म्हटलं.

कोलंबसकर: कॅन्सस घेतलंय. आता दुसरा शब्द. आमच्या नोव्हेंबरच्या प्रस्तावात सह्या करणाऱ्यांनी वैद्यकातला शब्द वापरला होता, फीटस. राज्याच्या मतपत्रिका मंडळाने सारांशात तो काढून 'अनबॉर्न चाइल्ड' घातला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने एक जागा तेवढी बदलायला लावली (बंधन राज्यातल्या नागरिकांवर नाही, राज्य सरकारवर आहे हे स्पष्ट करा म्हणून), बाकी मजकूर ठेवला. हे मराठीत कसं आणू? 'गर्भ' आणि 'न जन्मलेलं मूल'?

जुनाबाड: गर्भ ठीक. 'भ्रूण' म्हणजे अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतला, तो इथे नको. पण आपल्याकडे तिसऱ्या महिन्यापासूनच सगळे 'बाळ' म्हणतात. डोहाळजेवणात कुणी 'गर्भाला काय आवडतं' असं विचारतं का? मग 'मूल' शब्दावर एवढा आक्षेप कशाला?

रानजाई: काका, डोहाळजेवणात कुणी शिक्का मारत नाही. आईने बाळ म्हणणं ही तिची माया. राज्याने मतपत्रिकेवर मूल म्हणणं म्हणजे निकालाआधीच निकाल देणं.

आणि आपण यातून गेलोय की. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८मध्ये देशात पहिला कायदा केला, केंद्राचा आला १९९४मध्ये. पण मोहिमेत भिंतीभिंतींवर शब्द काय रंगवला? 'स्त्रीभ्रूणहत्या'. हेतू चांगला. परिणाम असा की १९७१च्या कायद्याने मिळालेला साधा, सरळ गर्भपातही लोकांच्या मनात 'हत्या' झाला. म्हणून स्त्री संघटनांतल्या अनेकजणी गेली कित्येक वर्षं सांगतायत, 'गर्भलिंगनिदान' म्हणा, 'लिंगनिवड' म्हणा, गुन्हा निवडीत आहे. एसटी स्टँडवरच्या पाट्या मात्र अजून तशाच.

जुनाबाड: हा मुद्दा बिनतोड आहे. मीही 'भ्रूणहत्या' सर्रास लिहितो, आता दोनदा विचार करीन. पण सार्वमतावरचा माझा हट्ट कायम.

मांडवीकाठ: 'सामाजिक न्याय' शब्द वापरणार असाल तर तोही सांभाळून. महाराष्ट्रात त्या नावाचं सरकारी खातं आहे, वाचकाला आधी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहंच आठवतील.

कोलंबसकर: तो टाळलाय, त्या-त्या हक्काचं नावच घेतलंय. लेखातला मुख्य परिच्छेद असा केला, बघा:

"७ नोव्हेंबर २०२३ रोजी ओहायोच्या मतदारांपुढे 'इश्यू १' हा प्रस्ताव होता. 'होय' म्हणजे गर्भनिरोधन, वंध्यत्वावरचे उपचार, गर्भपात यांचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्क राज्यघटनेत लिहिला जाणार. 'नाही' म्हणजे तो लिहिला जाणार नाही. सुमारे ५७ टक्के मतदारांनी होकाराचा कौल दिला."

तर्जुमा: छान. शेवटचं वाक्य तेवढं बदला. "झालेल्या मतांपैकी सुमारे ५७ टक्के मतं 'होय'ला पडली" असं करा. नाहीतर रानजाईंच्या गावातल्या बायका विचारतील, एकूण यादीच्या का?