डोक्याला मुका मार, तिसरा दिवस, सीटी स्कॅन नाही की पोलीस नाहीत. आता काय?

अंबड_सेकंडशिफ्ट
मंडळी, आमच्या पॉवर प्रेसवरचा (पत्रा दाबून कापणारं यंत्र) ऑपरेटर, वय २९. सोमवारी रात्री शिफ्ट सुटल्यावर दुचाकीवरून घरी जाताना नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ कारने बाजूने धडक दिली. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता, ते पडतानाच निघून गेलं. रक्त नाही, बेशुद्धी नाही. कारवाल्याने जागेवर २,००० रुपये दिले आणि विषय मिटला. गाडीच्या नंबरचा फोटो आहे. मंगळवारी एकदा उलटी, तेव्हापासून डोकं जड. ट्यूबलाइट सहन होत नाही, एकच गोष्ट दोनदा विचारतो. आज व्हॉट्सॲपवर लिहितो, "उद्या येतो, गोळी घेतली." त्याला प्रेसवर घ्यायचं का? आता दवाखान्यात जाऊन फायदा आहे का? आणि दोन हजार घेतले म्हणजे दावा संपला का?

कॅज्युअल्टी_नाईट
उद्या कामावर नको, आज दवाखान्यात. एकट्याने गाडी चालवत नव्हे, कोणीतरी सोबत घेऊन जा.

बेशुद्ध पडला नाही म्हणजे मेंदूला धक्का बसला नाही, हे डोक्यातून काढा. कन्कशनच्या, म्हणजे मेंदूला बसलेल्या अशा धक्क्याच्या, बहुतेक रुग्णांची शुद्ध जातच नाही. विसरणं, मळमळ, उजेड नको होणं, तेच तेच विचारणं एवढ्यावरही निदान होतं. आणि आधी विचारा, कोणती गोळी? पॅरासिटामॉल चालतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घरच्या घरी नको, आत कुठे रक्त झिरपत असेल तर ते वाढू शकतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तेच पहिलं वाक्य म्हणून सांगायचं.

पुढचं काही दिसलं तर थेट १०८: दुसऱ्यांदा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, एक बाहुली मोठी, एका बाजूच्या हातापायात कमजोरी, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं, झोपेतून उठवता न येणं. कवटीच्या आतल्या बाजूला धमनीतून रक्त साचतं तेव्हा माणूस आधी काही तास अगदी ठीक बोलतो आणि मग कोसळतो. शिरेतून हळू झिरपणारं रक्त, विशेषतः साठीपुढच्यांत आणि रोज पिणाऱ्यांत, दोन-तीन आठवड्यांनीही त्रास देतं. म्हणून "तीन दिवस झाले, आता काय होणार" याला अर्थ नाही.

डॉक्टरांना "पडला" एवढंच सांगू नका. धडकेच्या आधीचं शेवटचं काय आठवतं ते विचारून ठेवा. कंपनीचं गेट आठवतं आणि फाटा आठवत नाही, तर मधली मिनिटं मोजा. अर्ध्या तासाहून जास्त कोरं असेल तर सीटीकडे कल वाढतो.

दावा_दप्तर
कायद्याचं सांगतो. सगळ्यात आधी केस पेपर. त्यावर तारीख, वेळ, जागा, "कारची धडक", गाडीचा नंबर, उलटी आणि विसरणं हे शब्द यायला हवेत. लोक "घरी घसरून पडला" सांगतात, पोलिसांची कटकट नको म्हणून. तेच वाक्य दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत वाचून दाखवतो. त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलला गेलात तरी, खासगीत गेलात तरी, एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांसाठीची नोंद) करा म्हणून सांगा. उशिरा आला म्हणून एमएलसी होत नाही असं नाही. डॉक्टर सांगितलेली तारीख आणि तपासल्याची तारीख दोन्ही लिहितात.

मग पोलीस ठाणं. हद्दीवरून फिरवाफिरव झाली तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ दाखवा, हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. उशीर का झाला ते जबाबात सरळ लिहा: डोक्याला मार होता, लक्षणं दुसऱ्या दिवशी वाढली. एफआयआरला उशीर एवढ्या एका कारणाने अपघाताचा दावा संशयास्पद ठरवू नये, असं सुप्रीम कोर्टाने २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण निकालात म्हटलं आहे. पण तो निकाल उशिराचं स्पष्टीकरण देणाऱ्याला आधार आहे, महिनाभर घरी बसणाऱ्याला नाही.

दोन हजार? तोंडी देवघेवीने दावा बुडत नाही. रक्कम लपवू नका, जबाबात सांगा. "माझी तक्रार नाही" असा कागद सही करून दिला असेल तर मात्र त्याचा फोटो वकिलाला आधी दाखवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं हे चालकाचं काम आहे, नोटा देऊन ते सुटत नाही. गाडीचा विमा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आजच पाहून ठेवा. हेल्मेटच्या पट्ट्याचं कलम १२९ विमा कंपनी काढणारच. भरपाईतून काही वजा मागेल, तयारी ठेवा.

मुदत: मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत, कलम १६६(३), १ एप्रिल २०२२ पासून लागू. तो नाशिकला राहतो, तेव्हा अर्ज इथल्या जिल्हा न्यायालयात चालतो.

अंबड_सेकंडशिफ्ट
धन्यवाद. गेलो. सीटी नॉर्मल आहे. तो म्हणतो, मग झालंच की.

कॅज्युअल्टी_नाईट
झालं नाही. सीटी रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधतो. कन्कशनमध्ये पेशींच्या कामात बिघाड असतो, तो सीटीत दिसत नाही. सीटी नॉर्मल असणं हीच कन्कशनची नेहमीची गोष्ट आहे.

पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायचं नाही, घरातल्या घरात चालू द्या. मोबाईल कमी, दारू नाही, दुचाकी नाही. झोपू द्या, "झोपला तर उठणार नाही" हे जुनं भय आहे. पण घरच्यांनी अधूनमधून हाक मारून नीट उत्तर येतं का पाहावं. मग थोडं थोडं वाढवायचं, एका टप्प्याला किमान एक दिवस, लक्षणं बळावली की मागे. प्रेस सगळ्यात शेवटी. प्रेस खाली येताना हात मागे घ्यायला लागणारा तो क्षणच त्याच्याकडे आत्ता उशिरा येतो. शिवाय आधीचा धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण तरुणांमध्येच जास्त दिसलं आहे.

दावा_दप्तर
आणि फॉलोअप चुकवू नका. बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ११६ मध्ये जबर दुखापतीची एक व्याख्या अशी: १५ दिवस तीव्र वेदना, किंवा १५ दिवस नेहमीचं काम करता न येणं. जुन्या आयपीसीत हे २० दिवस होते, काही वकील अजून तेच सांगतात. टाके नाहीत, हाड मोडलेलं नाही. अशा माणसाला हे १५ दिवस फक्त कागदानेच सिद्ध करता येतात. दर भेटीला "डोकेदुखी चालू, यंत्रावर काम नको" असं लिहून घ्या. "बरं वाटतं" म्हणून मध्येच चार दिवस हजेरी लावली की तो पुरावा गेला.

सातपूर_ईएसआय
घर ते कंपनी हा नेहमीचा रस्ता आणि शिफ्टची वेळ जुळत असेल तर ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजना) हा कामावरचाच अपघात धरता येतो. मालकाने अपघात अहवाल लगेच द्यायचा असतो, तो तुम्हीच भरा. अपघाताचा दिवस सोडून तीन दिवस किंवा जास्त काम बंद राहिलं तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, मजुरीच्या सुमारे ९० टक्के. कामावर नवा असला तरी चालतो, किमान वर्गणीची अट या लाभाला नाही. फक्त ईएसआयचा लाभ घेतल्यावर विमा कंपन्या मोटार दाव्यावर आक्षेप घेतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी वकिलाला दोन्ही सांगा.

त्याचा तो "उद्या येतो" मेसेज डिलीट करू नका. तुम्हाला लक्षणं माहीत होती हे त्यात दिसतं, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत हेही. उत्तर अजून दिलं नसेल तर आता द्या: "डॉक्टरांच्या फिटनेस सर्टिफिकेटशिवाय मशीनवर नाही."