प्रतिसाद: शंभर रुपयांचं स्मारक नाणं सराफाकडे मोडावं का?

भाऊ, जळगावच्या सराफ बाजारात ते वितळवायला देऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या शंभराच्या स्मारक नाण्यांचं वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिमी. पण चांदी फक्त ५० टक्के. उरलेलं ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. म्हणजे हाती साडेसतरा ग्रॅम चांदी, त्यातून गाळणीची घट वजा.

संग्राहक किंमत देतो ती अवस्थेला. प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं, चकाकी दिलेल्या ठशांनी एकाहून जास्त वेळा ठोकतात, म्हणून पृष्ठभाग आरशासारखा आणि चित्र दुधाळ दिसतं. त्यावर चिंच किंवा पितांबरी एकदा घासली की आरसा गेला, तो परत येत नाही. टांकसाळीची मूळ पेटीही जपा, तिच्याविना भाव पडतो.

पीव्हीसी प्लास्टिकची मऊ पाकिटं तर आजच काढा. आपल्या खान्देशी उन्हाळ्यात ती लवकर घाम सोडतात आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. थर ताजा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन या द्रावकात बुडवून काढा, पुसू मात्र नका. नाणं नेहमी कडेनेच धरा.

वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असं काही जण सांगतात, ते चुकीचं आहे. ती २०१२ची चलनी नाणी आहेत. आगाऊ ‘कमिशन’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.