के५६२ मध्ये बीसीआर-एबीएल दिसतच नाहीये, बँड १६० ला येतोय. अँटीबॉडी खराब की मी?

पिपेटवाली
नमस्कार मंडळी, तीन आठवडे झाले डोकं आउट झालंय म्हणून शेवटी इथे विचारतेय. पीएचडीचं दुसरं वर्ष, काम सीएमएलवर (रक्ताचा एक कॅन्सर). के५६२ (सीएमएलच्या पेशंटपासून बनलेली सेल लाइन) सेल्सच्या लायसेटमध्ये, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रावात, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन जेलवर आकारानुसार वेगळे करून, मेंब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने शोधायचे) बीसीआर-एबीएल, म्हणजे सीएमएल घडवणारं जोड-प्रोटीन, दाखवायचंय, बास एवढंच, एमएस्सीची पोरंपण दाखवतात म्हणे. अँटीबॉडी नवीन घेतली, बीसीआरची, सशातली पॉलिक्लोनल, यायला दीड महिना लागला आणि बिल बघून गाइडनी जे तोंड केलं ते अजून डोळ्यासमोर आहे. तर बँड येतो, अगदी स्वच्छ येतो, पण १६० किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं एकक)!! बीसीआर-एबीएल यायला हवं त्या २१० ला काही म्हणजे काहीच नाही. निगेटिव्ह कंट्रोल म्हणून एचएल-६० (या सेल्समध्ये बीसीआर-एबीएल नसतंच) लावल्या तर तिथेही तोच १६०. आता लॅबमधला सिनियर म्हणतो तुझ्या सेल्सच के५६२ नाहीत, कुठेतरी भेसळ झालीये. पण सेल्स एनसीसीएसमधून (पुण्याची सरकारी सेल-संस्था) आणल्यात आणि माझा हा पाचवाच पॅसेज. आणि हो, इमॅटिनिब (सीएमएलचं औषध) १ मायक्रोमोलर देऊन २४ तास ठेवलेल्या सेल्सपण त्याच जेलवर होत्या, तिथेही बँड जसाच्या तसा. काय चुकतंय?

मेथनॉल_मावशी
अगं २१० म्हणजे केवढं धूड, ते जेलमध्येच बसून राहिलं असणार. किती टक्क्यांचं जेल? १० टक्क्यांवर चालवून अर्ध्या तासात सेमीड्राय ट्रान्सफर केला असशील तर विषयच संपला. ६ किंवा ७ टक्के घे, वेट ट्रान्सफर कर, ३० व्होल्टला रात्रभर कोल्ड रूममध्ये, बफरमध्ये मेथनॉल १० टक्क्यांवर आण आणि थोडं एसडीएस (डिटर्जंट) टाक. नाव मेथनॉल मावशी असून मीच कमी कर म्हणतेय बघ.

पिपेटवाली
मावशी ते सगळं केलं हो, ७ टक्केच आहे, वेट, रात्रभर. रंगीत मार्करचा २५० चा बँडसुद्धा मेंब्रेनवर नीट उतरलाय आणि उरलेलं जेल कुमासीने (प्रोटीन रंगवायचा निळा रंग) रंगवून बघितलं तर वरच्या बाजूला जवळजवळ काही शिल्लक नाही. म्हणून तर जास्त वैताग.

जुनी_खोड
२५० उतरला तर २१० पण उतरलाच असणार, ट्रान्सफरचा नाद सोड. मला एकच सांग, डेटाशीटवर इम्युनोजेन काय लिहिलंय? म्हणजे बीसीआरचा कुठला तुकडा टोचून ही अँटीबॉडी बनवलीये? ऑर्डर देताना ते कोणी वाचत नाही, सगळे बँडचा फोटो बघून ऑर्डर देतात (मीपण दिलीये, जास्त बोलत नाही).

पिपेटवाली
आत्ता बघितलं. "मानवी बीसीआरच्या सी-टोकाकडचा सिंथेटिक पेप्टाइड" असं आहे, अमिनो ॲसिड नंबर १२५० च्या पुढचे.

जुनी_खोड
झालं, सापडला चोर. बघ, आख्खं बीसीआर १२७१ अमिनो ॲसिडचं. फिलाडेल्फिया क्रोमोसोममध्ये ९ आणि २२ ची अदलाबदल होते तेव्हा बीसीआरचं डोकं राहतं, शेपूट तुटतं आणि त्या जागी एबीएल येऊन चिकटतं. के५६२ मधला जोड ई१४ए२ आहे, म्हणजे बीसीआर ९२७ पर्यंत आणि तिथून पुढे एबीएल. तुझी अँटीबॉडी शोधतेय १२५० च्या पुढचं, जे त्या २१० मध्ये नाहीच! तुला दिसतंय ते साधं बीसीआर, १६० चं, ते के५६२ मध्येही असतं आणि एचएल-६० मध्येही. सेल्स बरोबर, ट्रान्सफर बरोबर, अँटीबॉडीसुद्धा तिचं काम चोख करतेय बिचारी. फक्त माणूस चुकीचा पकडलाय.

बीसीआरचीच हवी असेल तर एन-टोकाकडची घे, १६० आणि २१० दोन्ही दिसतील. ४२६ च्या आधीची असली तर एएलएलमधलं (रक्ताचा दुसरा कॅन्सर) १९० वालं बीसीआर-एबीएलही सापडेल, कारण त्यात बीसीआरचा तेवढाच तुकडा असतो. पण मी म्हणेन सरळ सी-एबीएलची (साधं एबीएल) घे, २१० आणि साध्या एबीएलचा साधारण १४५, दोन बँड येतील, एचएल-६० मध्ये फक्त खालचा. ती घेतानाही इम्युनोजेन वाच हां, एबीएल जोडात दुसऱ्या एक्झॉनपासून (जीनचा तुकडा) येतं, पहिल्या एक्झॉनवर बनवलेली असेल तर पुन्हा हीच रड.

आणि इमॅटिनिबने बँड हलला नाही त्यात नवल काही नाही, तू तर साधं बीसीआर बघत होतीस. पण योग्य अँटीबॉडी आल्यावरसुद्धा २१० गायब होईल अशी आशा धरू नकोस. ते औषध एबीएलच्या एटीपीच्या खोबणीत बसून किनेजचं काम, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणं, थांबवतं, प्रोटीन तिथेच असतं. परिणाम बघायचा तर फॉस्फो-सीआरकेएल किंवा फॉस्फो-स्टॅट५ लाव, बीसीआर-एबीएल चालू असताना फॉस्फेट चिकटतं ती ही प्रोटीन.

मेथनॉल_मावशी
माघार घेतली 🙏 फॉस्फो लावशील तेव्हा ब्लॉकिंगला (मेंब्रेनची मोकळी जागा झाकायला) दूध पावडर नको, केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, मेंब्रेन काळं करून ठेवतं, बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रोटीन) वापर. आणि पुढे पेशंटचं रक्त आलं तर के५६२ सारखं आरामात बर्फावर लायसिस करत बसू नकोस, न्यूट्रोफिलमधले (पांढऱ्या पेशी) प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन तोडणारी एन्झाइम, २१० चा चक्काचूर करतात, इनहिबिटर टाकूनही. सरळ उकळत्या एसडीएस बफरमध्ये टाकायच्या पेशी. आमच्याकडे याच्यापायी सहा महिने गेलेत.

सातारकर७४
मध्येच विचारतो, माफ करा. वडिलांना सीएमएल आहे, दर तीन महिन्यांनी रक्त देतो, रिपोर्टवर बीसीआर-एबीएल लिहिलेलं असतं. ती टेस्ट हीच का? मग तिथेही असं चुकू शकतं का?

जुनी_खोड
नाही दादा, घाबरू नका. ती टेस्ट अँटीबॉडीची नाही, पीसीआरची असते, प्रोटीन नाही तर जोडलेल्या जीनचा आरएनए मोजतात आणि इंटरनॅशनल स्केलवर टक्केवारी देतात. ०.१ टक्का किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स म्हणतात. आम्ही बोलतोय त्या बाटल्यांवर "फक्त संशोधनासाठी" असं छापलेलंच असतं. रिपोर्टबद्दल काही वाटलं तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, आमच्यासारख्यांना नको.

पिपेटवाली
जुनी_खोड काका/काकू जे असाल ते, पाया पडते. शेजारच्या लॅबमध्ये उंदरातली सी-एबीएल मोनोक्लोनल आहे असं कळलंय, इम्युनोजेन किनेज डोमेन, दोनदा वाचलं. तो जुना ब्लॉट फ्रीजमध्ये आहे, स्ट्रिप करून (जुनी अँटीबॉडी धुऊन काढून) त्याच्यावरच लावू का?

जुनी_खोड
स्ट्रिप नको, त्यात प्रोटीनपण थोडं धुऊन जातं. सोडियम अझाइडच्या पाण्यात ठेवून जुनं एचआरपी (बँड चमकवणारं एन्झाइम) मार, मग अझाइड पूर्ण जाईपर्यंत धू, नाहीतर नवीन सेकंडरीचंही (पहिल्या अँटीबॉडीला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी) एचआरपी मरेल. आधीची बीसीआरची सशाची, आताची एबीएलची उंदराची, गल्लत व्हायला नको. तरी १६० थोडा चमकला तर त्याला १४५ समजून गाइडना फोटो पाठवू नकोस.

पिपेटवाली
😂 नाही पाठवत. अँटीबॉडी सोमवारी मिळेल, त्यांचा फ्रीज ज्या मुलीच्या ताब्यात आहे ती गावाला गेलीये.